बौद्धिक दिव्यांग भावाची नोकरी : शोधण्यापासून टिकवण्यापर्यंत

माझ्या धाकट्या भावाची पहिली नोकरी सहा आठवड्यांत सुटली. काम काजू पॅकिंगचं होतं. काट्यावर पिशवी ठेवायची, 250 हा आकडा दिसेपर्यंत काजू घालायचे आणि पिशवी पुढच्या बाईकडे सरकवायची. महिनाभर त्याने हे चोख केलं. मग एका सोमवारी ऑर्डर बदलली आणि पिशव्या 200 ग्रॅमच्या झाल्या. हॉलमध्ये एकदाच ओरडून सांगितलं गेलं, तेही हिंदीत. भावाला कोकणी आणि मराठी कळते, हिंदी नाही. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत 250 भरत राहिला. नंतर त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही. "हांव वचना" (मी जाणार नाही), एवढंच म्हणाला. आठवड्याभरात निरोप आला, त्याला हे काम जमणार नाही.

त्याला ते काम जमत होतं. काट्याशेजारी 200 ग्रॅमची एक भरलेली पिशवी नमुना म्हणून ठेवून कुणी बोटाने आकडा दाखवला असता, तर पाच मिनिटांत प्रश्न मिटला असता. ही पाच मिनिटं कोण देणार, हे आम्ही आधी कुणाशी ठरवलं नव्हतं. चूक तिथे होती.

आज तो एका हॉटेलच्या लिनन रूममध्ये (चादरी, टॉवेल ठेवायच्या खोलीत) काम करतो, पाचवं वर्ष चालू आहे. मधल्या काळात त्याच्या शाळेतल्या इतर पालकांबरोबर अनेक ठिकाणी हिंडले, बरंच शिकले. गोव्यात ज्यांच्या घरात मुलगा किंवा मुलगी अठरा पूर्ण करून घरी बसली आहे आणि पुढे काय हे सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

शब्दांबद्दल एक गोष्ट. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे. मालकांचा इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि "तो अंगावर येणार नाही ना?" असा प्रश्न येतो. शांतपणे सांगा : त्याला शिकायला वेळ लागतो, एवढंच.

1. आधी घरातली भीती बोलून मोकळी करा

कागदपत्रं, अर्ज हे सगळं नंतर. पहिला अडथळा घरातच असतो. आमच्या आईला बसची भीती होती, बाबांना लोकांची. "आपण काय उपाशी मारतोय त्याला?" हे वाक्य मी कित्येक घरांत ऐकलं आहे. नोकरी पोटासाठीच असते असं नाही. सकाळी उठायला कारण लागतं, आणि ते आई-वडिलांपलीकडचं लागतं. आई-वडील सत्तरीला टेकल्यावर हे एकदम लक्षात येतं आणि तोवर मुलगा पस्तिशीचा झालेला असतो.

पैशांची भीती मात्र खरी असू शकते, ती कागदावर तपासा. दोन बाबी आहेत.

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक अर्थसाहाय्य मिळत असेल तर नोकरीच्या पगाराने त्यावर काय परिणाम होईल, ते नोकरी धरण्याआधी लेखी विचारून घ्या.

दुसरी बाब कुटुंब निवृत्तिवेतनाची. गोव्यात सरकारी नोकरीतली घरं पुष्कळ. कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला पोट भरण्याइतकी कमाई करणं शक्य नसेल तर ते आयुष्यभर मिळू शकतं. 2021 मध्ये केंद्र सरकारने यासाठीची उत्पन्नाची अट सैल केली. दिव्यांग अपत्याचं इतर उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे दिवंगत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा, यापेक्षा कमी असेल तर हक्क राहतो. म्हणजे नोकरी केली की पेन्शन बुडालीच, असं नाही. वडिलांच्या खात्याच्या लेखा विभागात बसून आकडा काढून घ्या. हे वडील हयात असताना करा आणि अपत्याचं नाव पेन्शनच्या कागदांत चढवून घ्या.

2. एक फाइल तयार करा

एकच जाड फाइल. मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. त्यात एवढं हवं :

- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
- जन्मदाखला
- शाळा सोडल्याचा दाखला आणि विशेष शाळेतल्या व्यावसायिक विभागाचं प्रमाणपत्र
- रहिवासी दाखला (सरकारी नोकरी आणि रोजगार विनिमय केंद्रासाठी मामलेदार कार्यालयातून 15 वर्षांच्या वास्तव्याचा)
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
- पासपोर्ट फोटो, डझनभर
- रक्तगट, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर असं लिहिलेला एक कागद

यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, मग रुग्णालयात तपासणी होते. बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीसाठी आपल्याकडच्या बहुतेकांना बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. चाचणीच्या दिवशी त्याला उपाशी किंवा झोपमोड करून नेऊ नका. फोंड्याहून सकाळच्या पहिल्या बसने नेलेला, रांगेत तीन तास बसलेला मुलगा चाचणीत बोलतच नाही आणि निकाल खोटा येतो.

गोव्यातला खास सापळा म्हणजे आडनावाचं स्पेलिंग. आजोबांच्या कागदावर नाईक, गावकर, कामत ही आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, वडिलांच्या कागदावर अर्धी तशी अर्धी इंग्रजी वळणाने, आणि आधारवर तिसरीच तऱ्हा. यूडीआयडीचा अर्ज करण्याआधी आधार आणि जन्मदाखला जुळवून घ्या. नंतर जुळवायला गेलं की दोन-दोन कार्यालयांत खेपा होतात. प्रमाणपत्रावर "कायमस्वरूपी" लिहिलं आहे की मुदत घातली आहे, तेही खिडकीवरून हलण्याआधी वाचा.

टक्क्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण यामुळे मालक घाबरतात. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्रावर 50 टक्के येतात, मध्यम असेल तर 75. माझ्या भावाचे 75 आहेत. एका व्यवस्थापकाने ते वाचून विचारलं, "म्हणजे चार कामांतलं एकच करील का?" तसं नाही. तो आकडा चाचणीवरून ठरलेल्या श्रेणीचा असतो. टॉवेलची घडी किती नीट येते, हे त्यातून कळत नाही. असं विचारलं गेलं तर प्रमाणपत्र बाजूला ठेवून म्हणा, "तीन दिवस काम करून पाहू द्या."

पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं का, हा प्रश्न हमखास येतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. बँकेच्या, मालमत्तेच्या कामांत त्याचा उपयोग होतो. नोकरीसाठी ते असायलाच हवं असं नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता मानली आहे. नेमणूकपत्रावर सही त्याची त्याला करू द्या. आमच्याने सहीचा सराव दोन महिने केला होता.

त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतची. तिचाही अर्ज याच धावपळीत उरकून घ्या.

3. त्याला काय येतं ते पाहा, काय येत नाही ते नव्हे

एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त पाहा. किती वेळ सलग बसतो? उभं राहून करायचं काम आवडतं की बसून? आवाज सहन होतो का? हात ओले झालेले चालतात का? अनोळखी माणसाशी बोलतो का? घड्याळ कळतं, की "जेवणानंतर" असं सांगावं लागतं?

आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं, त्याला गाणी आवडतात म्हणून गर्दी, गोंगाट आवडेल. आठवडाभर पाहिलं तेव्हा कळलं, चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की तो माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान लावायला एकटा आतल्या खोलीत जातो. फळं, पानं सारख्या अंतरावर बांधत बसतो, एक वाकडं दिसलं तर सोडून परत बांधतो. एकसारख्या वस्तू एकसारख्या मांडण्यात त्याचा जीव रमतो, ही एवढी नोंद पुढे लिनन रूमपर्यंत घेऊन गेली.

नंतर तीन वेगळ्या जागी तीन-तीन दिवस काम चाखू द्या. ओळखीचं दुकान, बेकरी, एखादं कार्यालय. पगाराची अपेक्षा ठेवू नका, पण चौथ्या दिवशीही फुकट राबवू देऊ नका.

4. गोव्यात शोधायचं कुठे

सुरुवात त्याच्या शाळेपासून करा. पर्वरीचं संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीचं केशव सेवा साधना, पणजीचं दिशा अशा संस्थांमधल्या शिक्षकांना मुलाची सवय माहीत असते आणि आधीच्या विद्यार्थ्यांना कुणी कामाला घेतलं हेही माहीत असतं. शाळा सोडून दहा वर्षं झाली असली तरी जा.

वेर्णा, कुंडई, कोर्ली, थिवी, तुये या औद्योगिक वसाहतींमध्ये लेबल लावणं, खोके जोडणं, मोजून भरणं अशी कामं असतात. गेटवर अर्ज टाकून उपयोग होत नाही. आत कामाला असलेला शेजारी, नातेवाईक शोधा आणि त्याच्यामार्फत व्यवस्थापकाची वेळ मागा.

हॉटेलांत लिनन, भांडी, कटलरी पुसून गुंडाळणं, बागकाम. लेमन ट्री ही हॉटेल कंपनी डाउन सिंड्रोम (बौद्धिक दिव्यांगत्वाचं एक जन्मजात कारण) असलेल्यांना नोकरीत घेते. इथून जवळच्या हुबळीत 2017 मध्ये सुरू झालेलं मिट्टी कॅफे दिव्यांग प्रौढांच्या हातांनी चालतं आणि आज त्याची शाखा सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही आहे. मालकाला पटवताना ही नावं कामाला येतात, कारण "असं कुठे होतं का?" याचं उत्तर हातात असतं.

गावातली कामं विसरू नका. पोदेराकडे (पाववाल्याकडे) पाव मोजून भरणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, देवळाच्या कचेरीत प्रसादाच्या पुड्या बांधणं. घराजवळचं छोटं काम लांबच्या मोठ्या कामापेक्षा जास्त टिकलेलं मी पाहिलं आहे.

सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के लागतात. रोजगार विनिमय केंद्रात नाव जरूर घाला, जाहिरात आली की अर्ज भरा. पण त्या एका आशेवर घरी बसवून ठेवू नका. सात-आठ वर्षं अशी गेलेली मुलं मला माहीत आहेत. इतक्या वर्षांत त्यांची कामाची सवय, बस चढण्याची सवय, सगळंच मोडलं.

हॉटेलात जाणार असाल तर दोन सापळे. पहिला सीझनचा. ऑक्टोबरला घेतात आणि पाऊस लागला की कमी करतात. मुलाखतीतच विचारा, जून ते सप्टेंबर काय? दुसरा कंत्राटदाराचा. काम हॉटेलात, पण नेमणूक भलत्याच मनुष्यबळ एजन्सीची, आणि एजन्सी बदलली की आपला माणूस रस्त्यावर. पगार नक्की कुणाच्या खात्यातून येणार, हे पाहूनच होकार द्या.

5. मालकाशी काय बोलायचं

दयेची भाषा बोलायची नाही. "बिचाऱ्याला कुठे तरी लावून घ्या" म्हणून मिळालेली नोकरी त्याच मालकाचा मूड बदलला की जाते. आधी त्यांच्या जागेत अर्धा तास उभं राहून पाहा. आमच्या हॉटेलात लिनन रूममधली बाई कपडे मोजायची, डाग पाहायची, घड्या घालायची, ट्रॉली भरायची आणि फोनही घ्यायची. फोन वाजला की घडी अर्धवट. मी व्यवस्थापकाला म्हटलं, "घड्या आणि मोजणी एवढा तुकडा वेगळा काढून माझ्या भावाला द्या. बाईंचे दोन तास मोकळे होतील." त्यांना ते पटलं. पूर्ण पद रिकामं होण्याची वाट पाहू नका, पदातला तुकडा शोधा.

आणि पाच गोष्टी आधीच ठरवून घ्या :

- काम नेमकं कोणतं, ते लिहून.
- वेतन इतरांसारखं. दिव्यांग आहे म्हणून किमान वेतनाच्या खाली नाही. "मदत म्हणून काही तरी देऊ" याला नम्रपणे नाही म्हणा.
- शिकवायला पहिले काही आठवडे बाहेरचा माणूस आत येईल.
- कामात बदल झाला तर सांगणारा ठरावीक सहकारी कोण.
- घरी फोन कधी करायचा, आणि कधी करायचा नाही.

चौथी बाब आमच्या काजूच्या कारखान्यात सुटली होती. तो सहकारी कोकणी किंवा मराठी बोलणारा हवा, कारण आज हॉटेल, कारखान्यांत सुपरवायझर बहुधा हिंदी बोलणारे असतात. आमच्या ठिकाणी लिनन रूममधल्या त्या बाईच तयार झाल्या. त्या सांगे तालुक्यातल्या. भाऊ त्यांना मावशी म्हणतो.

कायदा हाताशी असू द्या, पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. व्यवस्थापकाला विचारा, "आपलं ते धोरण आहे का?" बऱ्याच जणांना ते बनवायचं असतं हेच माहीत नसतं आणि मग संभाषण वेगळ्या वळणाला लागतं.

6. कामाआधी बस

रुजू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवास शिकवा. आम्ही पहिले चार दिवस एकत्र गेलो. पुढचे चार दिवस मी त्याच बसमध्ये, पण मागच्या सीटवर. नंतर मी स्कूटरवरून बसच्या मागे. शेवटी फक्त उतरण्याच्या थांब्यावर उभी. बसची पाटी वाचता येत नसेल तर उतरण्याची खूण दाखवा. आमची खूण म्हणजे पिंपळाखालचा पांढरा क्रूस. तो दिसला की उठायचं.

मग मुद्दाम चुकवून पाहा. थांबा पुढे गेला तर काय? आम्ही शिकवलं : उतरायचं, हलायचं नाही, फोनवरचं माझं चित्र दाबायचं. खिशात पत्ता आणि नंबर लिहिलेलं कार्डही असू द्या, फोनची बॅटरी संपते. कदंबच्या (सरकारी बसच्या) सवलतीसाठी दिव्यांग कार्ड जवळ लागतंच.

रविवारी आपल्याकडे खासगी बसगाड्या निम्म्याही नसतात. ड्यूटी लावताना हे सांगा, नाही तर पहिल्याच रविवारी उशिराचा शेरा पडतो.

7. शिकवणं कामाच्या जागीच

या लेखातलं सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. शाळेच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं मेणबत्त्या करून कुणी हॉटेलच्या कामाला तयार होत नाही. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप नेणं, हेच तर या मुलांना जड जातं. म्हणून आधी कामावर रुजू व्हायचं आणि मग तिथेच, त्याच टेबलावर, त्याच टॉवेलवर शिकायचं. 1970 च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकांनी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना सायकलच्या ब्रेकची बारीक सुट्या भागांची जुळणी शिकवून दाखवली होती. या लोकांना असलं काम कधी येणार नाही असं तेव्हा सर्रास मानलं जायचं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदला.

आमचा टॉवेल असा शिकवला. भावाच्या शाळेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने आधी स्वतः वीस टॉवेल घडी केले आणि प्रत्येक हालचाल लिहून काढली. ट्रॉलीतून एक उचल. दोन्ही बाजू पाहा. डाग असेल तर लाल टोपलीत. टेबलावर पसर, लेबल खाली. लांबचे दोन कोपरे धर. जवळच्या कोपऱ्यांवर आण. हात फिरव. मग तीन पदरी. अशा अकरा पायऱ्या झाल्या. टेबलावर लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले, कोपरे तिथे यायचे. घडी तिसऱ्या दिवशी बसली.

अडलं ते डागापाशी. तो प्रत्येक टॉवेल लाल टोपलीत टाकायचा, कारण लॉन्ड्रीतून आलेल्या टॉवेलवर कुठे ना कुठे ओलसर ठिपका असतोच. "डाग म्हणजे काय" हे शब्दांत सांगून उपयोग झाला नाही. मग शिक्षिकाबाईंनी बाद टॉवेलांचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवले : चहा, गंज, लिपस्टिक. आणि एक नियम दिला, बोट दाब, बोटाला ओलं लागलं तर डाग नाही, वाळत घाल. त्या दुपारी पहिल्यांदा त्याने एक टॉवेल हातात धरला, बोट दाबलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, परत टॉवेलकडे पाहिलं आणि तो दोरीवर टाकला. वळून म्हणाला, "जालें." तो पुठ्ठा अजून तिथे भिंतीला आहे, आता नवीन कर्मचारीही त्याच्याकडे पाहतात.

शिकवताना तोंड कमी चालवायचं. आपण सारखं "हां, आता हे घे, आता ते कर" म्हणत राहतो आणि मग त्याला आवाजाशिवाय हात चालवता येत नाही. आधी थांबा, पाच आकडे मोजा. मग फक्त बोट दाखवा. मग करून दाखवा. हात धरणं सगळ्यात शेवटी. उभं राहायचं ते मागे, समोर नाही. दर आठवड्याला थोडं लांब सरका : पहिल्या आठवड्यात पूर्ण वेळ, तिसऱ्यात दोन तास, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. मदत काढून घ्यायची तारीख आधीच ठरवा, नाही तर ती निघत नाही.

आणि हे काम शक्यतो आईने किंवा बहिणीने करू नये. पहिले चार दिवस मीच गेले होते. तो कामाऐवजी माझ्या चेहऱ्याकडे पाहायचा, सहकारी त्याच्याऐवजी माझ्याशी बोलायचे. शिक्षिका आल्या तसा तो कर्मचारी झाला. शाळेतले शिक्षक, निवृत्त शेजारी, कुणीही चालेल, फक्त धीराचा माणूस हवा. त्यांचा प्रवासखर्च, मानधन द्या.

8. पगार

पगार त्याच्याच खात्यात. पहिल्या पगारातून त्याला स्वतःच्या हाताने काही तरी विकत घेऊ द्या. खात्यात वाढणारा आकडा त्याला दिसत नाही, हातातली वस्तू दिसते. पाकिटात रोजचे ठरावीकच पैसे ठेवा, कारण "पन्नास दे, उद्या देतो" म्हणणारे सहकारी भेटतात. एटीएमचा पिन कुणाला सांगायचा नाही, हे खेळासारखं पुन्हा पुन्हा विचारून पक्कं करा. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी पगाराची मर्यादा 25,000 रुपये आहे, इतरांना 21,000. कार्ड मिळालं का ते पाहा.

9. टिकवायची ती अशी

माझ्या पाहण्यात नोकऱ्या काम न आल्यामुळे फार कमी गेल्या. सुपरवायझर बदलला, टेबल दुसऱ्या खोलीत गेलं, गणवेशाचा रंग बदलला, सोबतची मावशी बाळंतपणाच्या रजेवर गेली, अशा गोष्टींनी गेल्या. म्हणून महिन्यातून एकदा फोन करा आणि नेमकं विचारा, "पुढच्या महिन्यात काही बदलणार आहे का?" "सगळं बरं ना?" विचारलं की उत्तर नेहमी "बरं" येतं. आणि ठरलेल्या सहकाऱ्याशिवाय दुसराही एक माणूस आधीपासून तयार ठेवा. नवा साहेब आला की आठवड्याच्या आत जाऊन भेटा, पुठ्ठा आणि चिकटपट्टी कशासाठी आहे ते दाखवा. साफसफाईत ती काढून टाकली जाते.

तो स्वतः तक्रार बहुधा करणार नाही. खुणा अंगावर दिसतात. डबा भरलेला परत येतो. सकाळी बूट घालायला वेळ लावतो. रविवारी रात्री पोट दुखतं. एखाद्याचं नाव घेतलं की गप्प होतो. असं दोन-तीन दिवस दिसलं तर रागावू नका, कामाच्या जागी जा. भाऊ एकदा आठवडाभर डबा न खाता आणायचा. चौकशी केल्यावर कळलं, जेवणाच्या खोलीत काही जण त्याला नाचून दाखवायला लावत आणि व्हिडिओ काढत. त्याला वाटायचं ते मित्र आहेत, पण घास उतरत नव्हता. व्यवस्थापनाने ते थांबवलं, मीही तिथे जाऊन बोलले.

शरीराला हात लावणं, एकट्या खोलीत बोलावणं, दारू पाजणं, याबद्दल मुलगा असो वा मुलगी, आधीच स्पष्ट शब्दांत शिकवा. "नाका" (नको) म्हणून ओरडायचं आणि ठरलेल्या माणसाकडे चालत जायचं, याचा घरी सराव करा. मुलगी असेल तर त्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, हे रुजू होतानाच विचारा. ऐकलंच जात नसेल तर पणजीत राज्य दिव्यांगजन आयोग आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

कामाचा वेग अचानक मंदावला तर आळस समजण्याआधी डॉक्टरांना दाखवा. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास पुष्कळदा असतो, कान आणि डोळेही कमी होत जातात. एका ओळखीच्या मुलीला "लक्ष देत नाही" म्हणून काढणार होते. तिला चष्मा लागला होता.

10. सुटलीच तर

पंधरा दिवसांपेक्षा जास्त घरी बसू देऊ नका. उठण्याची वेळ, आंघोळ, बाहेर पडणं तसंच चालू ठेवा. सकाळी बसने जाऊन वाचनालयात दोन तास बसला तरी चालेल. का सुटली हे त्याच्यासमोर पाहुण्यांना सांगत बसू नका, तो ऐकतो आणि त्याला सगळं कळतं.

आणि अनुभवपत्र घ्या, कितीही कटू शेवट झाला तरी. "चांगला मुलगा आहे" असं लिहिलेलं नको. काम लिहून मागा : रोज किती तास, कोणती यंत्रं, किती नग, किती महिने. काजूच्या कारखान्याकडून मी तीन महिन्यांनी जाऊन ते आणलं. काट्यावर पिशव्या अचूक भरत असे, एवढं त्यात लिहिलं आहे. हॉटेलच्या मुलाखतीत तोच कागद चालला. आता आमच्या फाइलीत तो पहिल्या पानावर आहे, वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच्या मागे.